एंद्रेच्या भिंतीवरची बुरशी

एंद्रे आणि माझा नवरा अंब्रुश एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते, आणि त्यावाचून दोघांचंही काही अडलं नव्हतं. अडलं ते माझं. एकाच टेकडीच्या पोटात शेजारीशेजारी दोघांची तळघरं, मध्ये हातभर दगड, आणि निरोप न्यायला-आणायला मी. "बोरबाला, त्याला सांग, त्याच्या दारातला चिखल माझ्या दारात येतो." "बोरबाला, त्याला सांग, पाणी उताराकडे जातं. शाळेत शिकवलं होतं, हा त्या दिवशी गैरहजर असेल."

भांडण एका काचेच्या नळीचं. पिंपातून वाइन ओढायला फुगीर पोटाची लांब नळी लागते. अंब्रुशकडे त्याच्या आजोबांची होती. एंद्रेनं ती ऐन तोडणीत मागून नेली आणि परत केली तेव्हा तिला केसाएवढा तडा होता. एंद्रे म्हणाला, तडा आधीचाच. अंब्रुश म्हणाला, आधी नव्हता. त्यानंतर दोघंही काही म्हणाले नाहीत.

गेल्या सप्टेंबरात ते पुस्तक आमच्या गावाकडे वळलं. ब्रसेल्सचे कुणी लोक दर दोन वर्षांनी युरोपातल्या बघण्यासारख्या शंभर वाइन-तळघरांचं पुस्तक काढतात. त्यात ज्याचं नाव येतं त्याच्या दारात डच लोक उभे राहतात, आणि डच माणूस एवढ्या लांबून दारात आला की निदान पोस्टकार्ड घेतल्याशिवाय हलत नाही. पलीकडच्या खोऱ्यातल्या एकाचं नाव मागच्या खेपेला आलं. आता तो सोमवारी बंद ठेवतो. आमच्याकडे सोमवारी बंद ठेवण्याएवढं कुणाचंच कधी उघडं नव्हतं.

या खेपेला आमच्या गावातून त्यांनी एकच तळघर बघायचं ठरवलं, एंद्रेचं. ते रास्तच होतं. सुकलेल्या द्राक्षांची आमची गोड वाइन, असू, ती त्याच्याइतकी चांगली आमच्या रांगेत कुणी करत नाही. हे मी अंब्रुशसमोर बोलत नाही.

रविवारी मी एंद्रेकडे पोगाचा, म्हणजे आमचे खारे छोटे पाव, द्यायला गेले, तर जेवणाच्या टेबलावर निवाडा चालू होता. एंद्रेची मुलगी एमोके नवऱ्यासह ग्योर शहरातून आली होती. एंद्रेची बायको जाऊन चार वर्षं झाली, त्याची सत्तरी उलटली, आणि पिंप काही वय बघून हलकं होत नाही.

"बाबा, सरळ सांगते," एमोके म्हणाली. "पुस्तकात नाव आलं तर आम्ही दोघं इथे राहायला येतो. मी नोकरी सोडते, तळघर बघते. नाही आलं तर ही तोडणी शेवटची. कुलूप लावायचं आणि तुम्ही ग्योरला आमच्याकडे यायचं. तिसरा मजला आहे, पण लिफ्ट आहे."

एंद्रेनं सूप ढवळलं. "लिफ्ट आहे म्हणजे प्रश्नच मिटला."

"थट्टा करू नका."

"थट्टा नाही गं. मला सत्तर वर्षांत एकदाही कुणी लिफ्ट देऊ केली नव्हती."

पण चमचा धरलेला त्याचा हात मी बघत होते. पाच मिनिटं सूप ढवळलं जात होतं आणि त्यातला एक घोटही पोटात गेला नव्हता.

आता जावई. नॉर्बर्ट ग्योरच्या इस्पितळात शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या विभागाचा प्रमुख. सफरचंद धुतो, मग ज्या नळाखाली धुतलं तो नळ धुतो. माणूस सोन्यासारखा, फक्त सोन्याला जसा वास नसतो तसा त्यालाही नाही.

आणि आमची वाइन तर बुरशीवर जगते. एक बुरशी द्राक्षाच्या मण्यावर बसते आणि मणी सुकवून मधासारखा करते. दुसरी तळघराच्या भिंतीवर बसते: काळी, जाड, मांजराच्या पाठीसारखी मऊ. पिंपातून उडणाऱ्या वाफेवर ती वाढते आणि तळघराचा ओलावा सांभाळते. पूर्वी मुलगी द्यायची तर आधी मुलाकडची भिंत बघत, मग मुलगा. पाहुणे जाताना तिच्यात नाणं खोचतात. चिकटलं तर माणूस परत येणार म्हणतात. एंद्रेच्या भिंतीला त्याच्या पणजोबांच्या काळापासूनची नाणी होती.

पुस्तकाची परीक्षक बाई गुरुवारी यायची होती. सोमवारी एंद्रे ताल्याला बहिणीकडे गेला, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. निघताना जावयाला म्हणाला, "पाहुणी येतेय. तळघर जरा आवरून ठेव."

आमच्याकडे तळघर आवरणं म्हणजे पायऱ्या झाडायच्या, पेले पुसायचे आणि मोडकी खुर्ची पिंपामागे लपवायची. ग्योरमध्ये बहुतेक वेगळं असावं. नॉर्बर्टनं जवळच्या शारोश्पाटकहून वाफेचं यंत्र भाड्यानं आणलं. एमोके त्या दोन दिवसांत हॉटेल, जेवण, छापील पत्रकं यांच्या मागे गावभर फिरत होती. मी यंत्राचा आवाज ऐकला, पण मला वाटलं, ट्रॅक्टर बिघडला असेल. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरमध्ये मी नाक खुपसत नाही.

बुधवारी सकाळी एंद्रे परतला तेव्हा नॉर्बर्ट तळघराच्या दारात नवरदेवासारखा उभा होता. "चला बाबा, बघा."

बावीस पायऱ्या. एंद्रे पुढे, मी मागे, कारण काहीतरी झालंय हे मला नॉर्बर्टच्या चेहऱ्यावरच्या आनंदावरून कळलं. खाली दिवा लावला. भिंती ताज्या चीजसारख्या पिवळट पांढऱ्या. छत तसंच. वास कशाचाच नाही. टेबलावर काचेच्या तीन बरण्यांत धुतलेली नाणी, बादशहाच्या काळातली वेगळी, दोन युद्धांमधली वेगळी, नंतरची वेगळी.

एंद्रेनं भिंतीवर हात ठेवला.

"कसं वाटतंय?" नॉर्बर्टनं विचारलं.

"कोरडं," एंद्रे म्हणाला. हात भिंतीवरच ठेवून त्यानं विचारलं, "तिकडच्या कोपऱ्यात कुठे थोडी राहिलीय का?"

"छे! कोपऱ्यात मी छोटा ब्रश वापरला."

"हो ना. तू कशाला ठेवशील."

मागून एमोके उतरली, तिनं भिंत बघितली आणि ती पायरीवरच बसली. मग नवऱ्याला सगळं तिनं सांगितलं. मला सांगावं लागलं नाही याचं बरं वाटलं. नॉर्बर्टचा चेहरा भिंतीच्या रंगाचा झाला.

"पण मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

"तळ्यात मासे असतात, ते काढून टाकू नयेत, अशी पाटी तळ्यावर कुणी लावतं का जावईबापू?" एंद्रे म्हणाला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्या दुपारी, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, एंद्रे आमच्या स्वयंपाकघरात आला. टोपी हातात. अंब्रुश टेबलाशी बसून कांदा कापत होता. एंद्रे माझ्याकडे बघून बोलायला लागला.

"बोरबाला, तुझ्या नवऱ्याला विचार, उद्या अकरा ते एक त्याचं तळघर मिळेल का."

"मी इथेच बसलोय, हे त्याला सांग," अंब्रुश मला म्हणाला.

"तो इथेच बसलाय," मी सांगितलं.

"दिसतंय. कांद्याचा वास येतोय."

"त्याला विचार, माझं तळघर कशाला? ते तर 'उंदरांचं बीळ' आहे ना? असं तो चर्चच्या दारात बोलला होता. माझ्याकडे तारीख आहे."

एंद्रेनं टोपी फिरवली. "बीळच आहे. पण भिंत चांगली आहे."

हे खरं होतं. अंब्रुश द्राक्षं मोठ्या कंपनीला विकतो आणि घरापुरती चार पिंपं भरतो. भिंतीला त्यानं तीस वर्षांत हात लावलेला नाही, कारण तीस वर्षांत त्यानं कशालाच हात लावलेला नाही. त्यामुळे आमची बुरशी गावात पहिल्या नंबरची. आळसाचं इतकं देखणं फळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

"म्हणजे माझी भिंत आपली म्हणून दाखवणार हा?" अंब्रुश आता चुकून थेट त्याच्याकडे बघत होता.

"दोन तास. पोरीसाठी. ती म्हणते नाव आलं तर राहते."

अंब्रुशनं कांदा कापून संपवला. आम्हाला मूलबाळ नाही, आणि एमोके लहानपणी आमच्याच अंगणात पडून दात पाडून घ्यायची. "त्याला सांग, मिळेल. पण मी तिथे उभा राहणार. बोलणार नाही. नुसता उभा राहणार."

"उभा राहू दे. बोलण्यासारखं त्याच्याकडे कधी होतं?" एंद्रे म्हणाला आणि टोपी घालून गेला.

गुरुवारी अकराला व्हर्लिंडेनबाई आल्या. पंचावन्नच्या, सपाट बूट, छोटी वही, ओठ मिटलेले. इंग्रजीत बोलायच्या. एमोके भाषांतर करायची. आम्ही त्यांना आमच्या दारातून आमच्या तळघरात उतरवलं. एंद्रेच्या बाटल्या आधीच आणून ठेवल्या होत्या. बाईंनी दिवा वर धरून भिंत बघितली आणि त्यांचे मिटलेले ओठ उघडले. नाणंही खोचलं. चिकटलं. एमोकेनं माझा दंड दाबला.

इथे आमच्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. आमची पक्की समजूत आहे की आमची भाषा आमच्याशिवाय जगात कुणालाही येत नाही. परदेशी माणसासमोर आम्ही त्याच्या नाकाबद्दल, पोटाबद्दल, बायकोबद्दल मोकळेपणानं बोलतो, गाईसमोर बोलावं तसं. शंभरात नव्व्याण्णव वेळा ते खपतं.

बाईंनी बाटलीतली असू चाखली, वहीत काहीतरी लिहिलं. मग पिंपाकडे बोट केलं. एमोके म्हणाली, "बाबा, त्यांना थेट पिंपातली हवीय."

पिंप अंब्रुशचं. आतली वाइनही अंब्रुशची. एंद्रेनं खुंटीवरची काचेची नळी घेतली, तीच ती, आणि पेल्यात ओढली. यजमानानं आधी चाखायची रीत आहे. त्यानं चाखली. त्याचा चेहरा मी चाळीस वर्षं ओळखते. त्यावर हसू आणायला त्याला किती कष्ट पडले ते मी मोजले.

"टर्पेंटाइन," तो हसत हसत म्हणाला.

"वडील म्हणतात, अजून कोवळी आहे," एमोकेनं इंग्रजीत सांगितलं. पुढचंही तिनं काय काय सांगितलं ते तिनं मला नंतर सांगितलं.

अंब्रुश न बोलण्यासाठी उभा होता. तो बोलला. "तुझ्या जिभेलाही जावयानं वाफ दिली का रे?"

"हे काका म्हणतात, इथलं तापमान बारा महिने सारखंच असतं."

"अरे, या पिंपात तू काय ठेवलं होतंस? मेंढरू?"

"पिंप ओक लाकडाचं आहे. झेंप्लेनच्या जंगलातलं."

"आणि ती नळी नीट धर! एकदा फोडलीस तेवढं पुरे!"

"मी फोडली?" एंद्रेनं नळी दिव्यापुढे धरली. हसू अजून तोंडावर होतं, काढायचं राहून गेलं होतं. "हा बघ तडा! बघ ना! कडा पिवळी पडलीय. हा तडा तुझ्या आजोबांपेक्षा जुना आहे!"

"या नळ्या... या नळ्या परंपरागत आहेत," एमोके म्हणाली. तिला घाम फुटला होता.

व्हर्लिंडेनबाईंनी हात पुढे केला, एंद्रेकडून नळी घेतली, उजेडात फिरवली आणि अगदी आमच्या मिश्कोल्त्सच्या भाजीबाजारातल्या बायकांच्या भाषेत म्हणाल्या, "तडा आतून गेलाय. थंडगार नळी कडकडीत पाण्यात घातली की असाच जातो. आपटून नाही जात."

एमोके सवयीनं त्याचंही इंग्रजीत भाषांतर करायला लागली.

"माझी आजी मिश्कोल्त्सची," बाई म्हणाल्या. "छप्पन सालच्या उठावात देश सोडून गेली. मला तिनंच वाढवलं. शिव्याही तिच्याच. नळी कडकडीत पाण्यानं धुतली कुणी?"

अंब्रुश आणि एंद्रे, दोघांनी एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एकाच वेळी एकाच गोष्टीकडे बघितलं. माझ्याकडे. त्या तोडणीच्या आदल्या रात्री घरातली सगळी काच मीच धुतली होती. मी पोगाचांची थाळी पुढे केली. कुणी घेतली नाही.

"आता तुमचं खरं तळघर दाखवा," बाई एंद्रेला म्हणाल्या.

लपवायला काही उरलं नव्हतं. आम्ही सगळे शेजारच्या बावीस पायऱ्या उतरलो. नॉर्बर्ट खाली पांढऱ्या शर्टात उभा होता. त्याला या नाटकात कामच दिलेलं नव्हतं. बाईंनी चारी भिंती बघितल्या. मग म्हणाल्या, "हे तर इस्पितळासारखं दिसतंय."

"धन्यवाद," नॉर्बर्ट म्हणाला.

एंद्रेनं डोळे मिटले. बाईंनी इथल्या पिंपातली चाखली. बराच वेळ तोंडात ठेवली आणि थुंकली नाही, गिळली.

"वाइन उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "पण माझं पुस्तक जाऊन बघण्यासारख्या जागांचं आहे. इतक्या लांबून येऊन बावीस पायऱ्या उतरल्यावर लोकांना ही भिंत दिसली, तर ते मला पत्रं लिहितील. तुमची भिंत होती तशी असती तर मी आत्ता इथेच होकार लिहिला असता." मग त्या अंब्रुशकडे वळल्या. "आणि तुम्ही? तुमची भिंत मी लिहू शकते. लोक आले तर उघडाल?"

"रोज?" अंब्रुशनं विचारलं.

"रोज."

"माणसांना?" तो म्हणाला आणि दोन पावलं मागे सरकला.

बाईंनी वही मिटली. दुसऱ्याची भिंत दाखवल्याबद्दल काहीही लिहिणार नाही, असं म्हणाल्या. एंद्रेच्या सहा बाटल्या पूर्ण दामानं घेतल्या आणि गेल्या.

तोडणी झाली. त्या वर्षी मण्यांवर बुरशी भरघोस होती. तिला कुणी धुवायला गेलं नव्हतं. एंद्रे रोज एमोकेला एकेक गोष्ट दाखवत होता, हे पिंप कसं ऐकायचं, ते कधी भरायचं. आपण गेल्यावर चालत राहील अशा आवाजात नव्हे. आपल्यासोबत बंद होणार आहे ते कुणीतरी एकदा बघून तरी ठेवावं अशा आवाजात. नोव्हेंबरच्या शेवटी ब्रसेल्सचं सभ्य पत्र आलं. नाव नव्हतं. एमोकेनं खोकी मागवली. एंद्रेनं माझ्याकडे चौकशी केली की ग्योरला तिसऱ्या मजल्यावर टोमॅटो लागतात का. मी म्हटलं, खिडकीत लागतात. तो म्हणाला, "मग खिडकीतच बसेन."

खोकी भरायच्या दिवशी मी मदतीला गेले होते. नॉर्बर्ट तळघरातून वर आला.

"बाबा, ती परत यायला किती वर्षं लागतात?"

"कोण?"

"बुरशी."

"होती तशी? तीस. नुसती भिंत झाकायला दहा-बारा. तेही पिंपं भरलेली राहिली तर. रिकाम्या तळघरात वाफ कुठली?"

नॉर्बर्टनं हे कागदावर लिहून घेतलं. मग बायकोला म्हणाला, "एमोके, मी जाऊ शकत नाही."

"म्हणजे?"

"मी एक काम चुकीचं केलंय. ते दुरुस्त न करता मी आजवर विभागातून घरी गेलेलो नाही."

"नॉर्बी, तीस वर्षं!"

"ऐकलं मी. शारोश्पाटकच्या इस्पितळात माझ्या कामाची जागा आहे. मी सकाळी फोन केलाय."

एमोकेनं हातातली चादर एकदा घडी केली, एकदा उलगडली. "आणि मी काय करायचं इथे तीस वर्षं?"

"पिंपं भरलेली ठेवायची," नॉर्बर्ट म्हणाला. "त्याशिवाय माझं होणार नाही."

ती बापाकडे बघत राहिली. बाप खिडकीबाहेर बघत राहिला, इतका मन लावून की बाहेर काहीतरी असावं. शेवटी तिनं खोक्यातून चादरी परत काढल्या. कुणी कुणाला मिठी मारली नाही. एंद्रे एवढंच म्हणाला, "दोरी जपून ठेवा. खोक्यांची दोरी चांगली असते."

दुसऱ्या आठवड्यात नॉर्बर्ट हातमोजे घालून, झाकणाची काचेची बशी घेऊन आमच्या दारात आला. "काका, तुमच्या भिंतीवरची तळहाताएवढी मिळेल का? लावायला."

"घेऊन जा," अंब्रुश म्हणाला. "पण एंद्रेला सांग, उसनी आहे. परत करताना तडा नको." हे त्यानं नॉर्बर्टला सांगितलं, मला नाही. निरोप्याच्या कामातून माझी सुटका झाली.

तो तुकडा एंद्रेच्या उत्तरेकडच्या भिंतीवर, दुसऱ्या पिंपाच्या वर लावला. पहिला महिना तो मरणार असं सगळ्यांना वाटलं. मग त्यानं जीव धरला. नॉर्बर्ट दर शनिवारी पट्टी लावून मोजतो आणि भिंतीवर पेन्सिलीनं कडा आखतो. खाली झाडू न्यायला बंदी आहे. जोरात शिंकायलाही. मार्चपर्यंत काळा डाग एंद्रेच्या टोपीएवढा झाला आणि नॉर्बर्ट जेवणाच्या टेबलावर म्हणाला की याच वेगानं गेलं तर तीस नाही, अठरा वर्षांत काम होईल, मग ग्योरला परत. कदाचित पंधरा. सगळ्यांनी त्याचं अभिनंदन केलं. एंद्रेनंही केलं.

त्यानंतरच्या मंगळवारी, एमोके मळ्यात आणि नॉर्बर्ट इस्पितळात असताना, मी रिकामी थाळी परत न्यायला त्यांच्याकडे गेले. तळघराचं दार उघडं होतं. मी बावीस पायऱ्या उतरले. एंद्रे दुसऱ्या पिंपासमोर स्टुलावर उभा होता आणि अंगठ्याला थुंकी लावून बुरशीची कडा हळूच पुसत होता. एका बाजूनं. पेन्सिलीच्या रेघेच्या आत, पण फार आत नाही.

मी दिसल्यावर त्यानं हात खाली घेतला. अंगठा काळा होता.

"धूळ बसली होती," तो म्हणाला.

"हो, इथे फार बसते," मी म्हटलं, आणि त्याच्या डगमगत्या स्टुलाचा पाय धरून उभी राहिले.